श्रावणातला मासा

बाबा,

परवा विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. सरपंच बोलले. तुमच्याबरोबर फौजेत असलेले मंगरूळचे काका बोलले. ज्यांच्याशी शेताच्या धुऱ्यावरून तुमचं बारा वर्षं पटलं नाही, तेसुद्धा "फौजी म्हणजे फौजीच व्हता" असं म्हणून डोळे पुसून खाली बसले. मग तुमचा मिलिंद माझ्याकडे वळून म्हणाला, "तू बी बोल दोन शब्द. बाबाचा तुयावरच जीव व्हता, माह्यावर कुठं?" मी उभी राहिले. "बाबांनी मला सून म्हणून नाही, लेक म्हणून वागवलं," एवढं एक वाक्य कसंबसं बोलले आणि बसले. अंगणवाडीत पोरांपुढे दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, पण तिथे तोंडाला कुलूप लागलं.

कारण जे बोलायचं होतं ते चार माणसांत बोलण्यासारखं नव्हतं. तुम्ही जायच्या बारा दिवस आधी मी तुमच्याशी खोटं बोलले. एका माशावरून. आणि त्यानंतर अकरा दिवस तेच खोटं रोज नव्याने बोलत राहिले. ते आता कागदावर काढते आहे. उशीर झाला आहे हे मला कळतं. त्यावरून टोमणा मारायला तुम्ही नाही, हेही कळतं.

मी लग्न होऊन धनजहून किन्हीराजाला आले तेव्हा मधल्या खोलीत खुंटीला पत्र्याची एक लांब नळी लटकलेली होती. मला वाटलं बंदूक. तळ्याकडे न फिरकणाऱ्या अर्ध्या गावाला तसंच वाटायचं आणि तुम्ही कोणाचा गैरसमज दूर केला नाहीत. आमच्या घरी कधी चोरी झाली नाही ती त्या नळीमुळे, असं आई अजून म्हणतात. काही दिवसांनी मी घाबरत घाबरत त्यांना विचारलं, तर त्या पोट धरून हसल्या. "बंदूक कायची अवं, काडी हाये काडी. मासोळ्या पकडाची. तिकडं पहाडात कोण्या साह्यबाच्या हाताखाली भाकरी थापे हा माणूस, त्यानं देल्ली."

तुम्ही त्या साहेबाचे स्वयंपाकी होता. सुट्टीच्या दिवशी तो नदीवर जायचा आणि तुम्हाला डबा घेऊन बरोबर न्यायचा, आणि डबा खाऊन झाल्यावर तुमच्या हातात काडी द्यायचा. बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून शिकलेली ती विद्या तुम्ही आपल्या गढूळ तळ्यावर आणलीत. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस, थोडा दोरा, आणि त्याचा केलेला खोटा किडा. तुम्ही त्याला पाखरू म्हणायचे. तळं मच्छीमार सोसायटीचं. सोसायटीचे गंगारामकाका तुम्हाला पहिल्यांदा बघून बांधावरून ओरडले होते म्हणे, "फौजी, पाण्याले चाबूक मारून राह्यले काय? त्या बिचाऱ्यानं काय गुन्हा केला?" पण त्यांनी कधी अडवलं नाही. एका काडीने तळं काय रिकामं होतं?

मिलिंदला तुम्ही शिकवून पाहिलं होतं. दोन रविवार तो आला, तिसऱ्या रविवारी म्हणाला की यापेक्षा खांबावर चढून तार जोडणं सोपं आहे. तो वायरमन, त्याच्यापुरतं ते खरंच होतं. मग काडी तुमच्या एकट्याचीच राहिली, तुम्ही एकटेच जात राहिलात.

माझा नंबर लागला तो ज्वारीमुळे. धुऱ्याकडे घरापुरती चार ओळी ज्वारी होती आणि राघू उतरले होते. मी माचीवर उभी राहून गोफण फिरवत होते. माहेरी लहानपणापासून तेच केलेलं. तुम्ही बैलाला पाणी दाखवायला आला होता, ते तसेच उभे राहिलात. दगड थव्याच्या बरोबर पुढे पडला, राघू उठले. संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, "सुजाता, तुले काडी धरता येईन."

"मले भाकर भाजता येते, तेवढं पुरे हाये," मी म्हटलं.

"भाकर त मले बी येते," तुम्ही म्हणालात. आई हसल्या, आणि मी हरले.

सोयाबीन सोंगून वावर मोकळं झालं होतं. तिथे तुम्ही मला उभं केलंत. तळ्यावर नाही. गळही नाही, दोरीच्या टोकाला आईंच्या जुन्या स्वेटरची लाल लोकर बांधलेली. मला वाटलं, थट्टा चालली आहे. मासे तळ्यात आणि आम्ही वावरात. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोरांना सोडायला येताना मला विचारायच्या, "मॅडम, काल किती लोकर पकडली?"

पहिल्याच दिवशी माझ्या हाताने घात केला. तुम्ही सांगितलं की काडी मागे ने, थांब, मग पुढे आण आणि थांब. मी मागे नेली, पुढे आणली, आणि हाताला जे वीस वर्षं माहीत होतं तेच हाताने केलं. सोडून दिली. गोफणीत एक दोर हातात ठेवून दुसरा सोडायचा असतो, तेव्हाच दगड जातो. तुमच्या साहेबाने दिलेली, एवढी वर्षं जिवापाड जपलेली काडी माझ्या हातातून सुटली आणि शेजारच्या तुरीत जाऊन पडली. तुम्ही तुरीत शिरलात, काडी शोधलीत, धोतराच्या सोग्याने पुसलीत, तिच्यावर एकदा बोट फिरवलंत, आणि पुन्हा माझ्या हातात दिलीत.

"गोफण सोडाले शिकवते," तुम्ही म्हणालात. "हे थांबाले शिकवते. पुन्हा फेक."

त्या दिवशी तुम्ही ओरडला असता, तर मी पुन्हा तिला हात लावला नसता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढे कितीतरी दिवस तेच. मी घाई करायची, दोरी मागे सरळ व्हायच्या आधीच पुढे ओढायची, आणि ती माझ्याच डोक्यावर येऊन पडायची. "गळाले वजन नाई, पीस हाये ते. वजन दोरीले हाये. मांगं पूरी जाऊ दे, हाताले ओढ लागन, मंग पुढं आण." मी मनात एक-दोन मोजायची तर तुम्हाला तेही कळायचं. "मोजू नको. ही काय पोरांची कवायत हाये?" एका संध्याकाळी मागे गेलेल्या दोरीने खरंच हात ओढला. अगदी थोडासा, लहान पोराने पदर ओढावा तेवढा. पुढे आणली तर लाल लोकर वीस पावलांवर अलगद टेकली. मी तुमच्याकडे वळून पाहिलं. तुम्ही दुसरीकडे बघत होता, पण मिशीखाली हसत होता. मग पुढच्या पावसाळ्यात मला तळं दाखवलंत.

तळ्यावरही आधी आठ दिवस नुसतं बसवलंत. मासा काय खातो ते पाहा म्हणे. पाऊस उघडल्यावर वाळवीचे पंखवाले किडे पाण्यावर पडायचे आणि चिलाप्या खालून येऊन त्यांना टिपायच्या, पाण्यावर एवढासा गोल उठायचा. तसं पाखरू बांधायला तुम्ही मला शिकवलंत. नंतर तुमची नजर कमी झाली आणि सगळी पाखरं मीच बांधायला लागले. कोणाच्या घरी कोंबडा कापला की आपल्याकडे पिसं यायची. आई म्हणायच्या, लोक रस्सा खातात आणि या घरात पिसं येतात.

आणि आपलं भांडण तिथेच सुरू झालं. ते अजून चालू आहे, निदान माझ्या बाजूने.

तुम्ही मासा काढायचे, हात ओले करून त्याला धरायचे, गळ सोडवायचे आणि पाण्यात त्याचं तोंड खोल पाण्याकडे करून हात उघडायचे. मासा जायचा. गळाचा उलटा काटा तुम्ही आधीच पकडीने दाबून टाकलेला असायचा, त्यामुळे गळ सहज निघायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, रोज सकाळी पंचशील म्हणता. जीवहिंसा करणार नाही म्हणता. आणि मंग त्याच्या तोंडात गळ टोचता. खाचा असन त खा, नाई त त्याले कायले तरास देता?"

"तूच सांग, कायले?"

"मले काय मालूम! मीच त इचारून राह्यली!"

"तुले लागला की सांगीन. त्याच्या आंधी सांगून समजत नसते." आणि वर म्हणालात, "पह्यला सोडाचा मात्र. पह्यला नाई खाचा. साह्यबाचा कायदा हाये तो."

हे म्हणजे सावकाराने कागद लपवून ठेवावा तसं झालं. मला दोन वर्षं मासा लागलाच नाही. तुम्हाला माझ्यादेखत कितीतरी लागले. माझं पाखरू अलगद टेकायचं, मासा वर यायचा, आणि मी आनंदाने इतक्या जोरात हिसका द्यायची की त्याच्या तोंडातून पाखरू निघून यायचं. "थांब ना माय," तुम्ही म्हणायचे. मी रोज वाद घालायची, तुम्ही रोज तेच सांगायचे. लोकांच्या घरी सासरा-सून पाण्याच्या हंड्यावरून भांडतात. आपण यावरून भांडायचो. मला ते दिवस आता किती सुखाचे वाटतात ते सांगता येत नाही.

या पावसाळ्यात तुमच्या छातीत पाणी झालं. अकोल्याच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले, मग डॉक्टर मिलिंदला बाजूला घेऊन म्हणाले की आता घरी न्या. घरी आणलं. तुमची खाट पडवीत टाकली. तुम्ही खाणं सोडलंत. पाच दिवस नुसतं पाणी आणि दोन चमचे पेज. आई ताट घेऊन बसायच्या आणि तसंच उचलायच्या. सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "मासोळीचा रस्सा खावासा वाटते." आईंनी तोंडाला पदर लावला. पाच दिवसांत तुम्ही मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

मिलिंद लाइन बंद पडली म्हणून पहाटेच मालेगावला गेला होता. मी गावात विचारलं, कोणाकडे मासे नव्हते. चार वाजता अंगणवाडी बंद करून घरी आले, नळी खुंटीवरून काढली आणि तळ्यावर गेले. मला काही मिळेल असं मुळीच वाटत नव्हतं. पण घरात बसून तुमची पेज थंड होताना बघवत नव्हती.

सकाळी पाऊस पडून गेला होता. वाळवीचे किडे पडत होते. मी मागे थांबले, पुढे टाकलं. पाखरू गवताच्या कडेला टेकलं. गोल उठला. आणि त्या दिवशी का कोण जाणे, मी हिसका दिला नाही. हाताला ओढ लागेपर्यंत थांबले. मग काडी वाकली.

बाबा, ती ओढ! मला ओरडून तुम्हाला सांगायचं होतं आणि तुम्ही तिथे नव्हता. हाताच्या पंजाहून मोठी चिलापी होती. तुम्ही शिकवलं तसे हात ओले केले, तिला धरलं, गळ काढला. गुडघ्यावर बसून तिचं तोंड पाण्याकडे केलं. ती माझ्या तळहातात श्वास घेत होती. मला फक्त हात उघडायचा होता.

मी उघडला नाही. ओढणीत गुंडाळली आणि घरी येईपर्यंत ती छातीशी धडपडत होती. मग थांबली. तुम्हाला पंचशील सुनावणारी मी. माझ्या हातून गेलेला तो पहिला जीव.

आईंनी विचारलं, "कोठून आणली?" मी सांगितलं, "गंगारामकाकानं देल्ली. सकाळी जाळं टाकलं व्हतं त्याईनं." आईंनी माझ्याकडे पाहिलं, मासा हातात घेतला आणि साफ करायला बसल्या. तुमच्यापुढे ताट ठेवलं तेव्हाही मी तेच बोलले. गंगारामकाकांनी दिली. खरं सांगितलं असतं तर तुम्ही ताट सरकवलं असतं, असं मला वाटलं. पहिला खायचा नाही हा तुमचा कायदा. आणि पाच दिवसांनी तुमच्या पोटात अन्न जाणार होतं. मी काटे काढून घास मऊ करून देत होते. तुम्ही अर्धी भाकरी खाल्लीत, वाटीभर रस्सा प्यालात. म्हणालात, "झकास." मी आत जाऊन रडले.

तेव्हाचं खोटं मला अजून चुकलंसं वाटत नाही. चूक त्यानंतरची. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून आले तर तुम्ही खाटेवरून मान वळवून विचारलंत, "लागला का काही?" मी म्हटलं, "नाई बाबा. पाणी गढूळ हाये." तिसऱ्या दिवशी पुन्हा. "नाई लागला." चौथ्या दिवशी पुन्हा. आधी वाटलं, थोडं बरं वाटू दे, मग सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील इतके दिवस का नाही सांगितलं. खोट्याचं असंच असतं, शिळं झालं की बाहेर काढवत नाही. मी तळ्यावर गेलेलीही नसायची, तुमच्या औषधपाण्यात वेळ जायचा, तरी तुम्ही रोज विचारायचे. मला वाटायचं, आजारात माणूस विसरतो. शेवटच्या संध्याकाळी आवाज निघत नव्हता. मी तोंडाजवळ कान नेला. "लागला त सांगजो माय. मले बी तुले सांगाचं हाये." मी म्हटलं, "सांगीन बाबा. आंधी लागू त द्या."

पोळा दोन दिवसांवर होता. पहाटे तुम्ही गेलात.

परवा पाहुणे गेल्यावर आई आणि मी भांडी आवरत होतो. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "आई, ती मासोळी गंगारामकाकाची नव्हती."

त्या हातातली परात घासतच राहिल्या. "मालूम हाये."

"कसं?"

"अवं, श्रावणात कोणता भोई जाळं टाकते? गंगारामाची जाळी आखाडीलेच धुऊन माळ्यावर जाते. महिनाभर गावात मासोळीचं नाव नसते."

श्रावण. बाबा, मला खरंच सुचलं नव्हतं. माझ्या माहेरी श्रावण पाळत नाहीत, आपल्याकडेही नाही. गावात सकाळी मासे नाही मिळाले तेव्हाही मला वाटलं, आज नसतील आले. तुम्ही मात्र याच गावात, याच तळ्यावर म्हातारे झालात. गंगारामकाकांच्या ओसरीवर बसून चहा पिणारे तुम्ही. तुम्हाला पहिल्या घासाला कळलं असणार.

आईंनी परात पालथी घातली. "ताट उचलाले गेली त मले म्हणे, पोरीचा हात बसला. म्हणे, तू काही बोलू नको. तिचं तिले सांगू दे."

त्यानंतर मी दोन दिवस कोणाशी नीट बोललेले नाही. तुमच्यावर रागही आला. कळलं होतं तर सरळ का नाही विचारलंत? कायदा मोडला म्हणून रागवायचं होतं. तेव्हा काडी तुरीत टाकली तरी ओरडला नाहीत, आताही ओरडला नाहीत, नुसते थांबलात. थांबायची सवय तुमची, पण दिवस किती उरलेत ते तुम्हाला माहीत होतं ना? अकरा वेळा तुम्ही मला दार उघडून दिलंत आणि अकरा वेळा मी ते लावून घेतलं. तुमचं उत्तर तुमच्याबरोबर गेलं. कायले पकडायचा आणि कायले सोडायचा, ते आता मला कोणी सांगणार नाही. कोणी सांगितलंच तर ते तुमचं नसेल.

मिलिंद काल म्हणाला, काडी कोणाला हवी असेल तर देऊन टाकू. मी इतकी जोरात नाही म्हणाले की आई चुलीपासून वळून बघायला लागल्या.

एवढं मात्र खरं की पुन्हा तसा दिवस आला, तुम्ही तसेच खाटेवर असलात, तर मी पुन्हा तो मासा घरी आणेन. तुमच्या साहेबाचा कायदा पुन्हा मोडेन. फक्त ताट पुढे ठेवताना दुसऱ्या कोणाचं नाव घेणार नाही.

तुम्ही विचारलं होतं ना?

हव बाबा. लागला. पह्यलाच हाये आणि मी सोडला नाई. तुमाले भूक लागली व्हती. घ्या, जेवा.